वाचकांचे प्रश्न : हा व्हिसा कशाला बांधलाय ते आधी बघा

या महिन्यात आलेल्या पत्रांत अर्ध्याहून जास्त व्हिसाची, आणि सगळ्यांचा सूर एकच, "ताई, बेस्ट व्हिसा कुठला?" आता बेस्ट असं काही नसतं हो. मी कंपन्यांमध्ये लोकांचे परदेशात जायचे कागद करण्यात बरीच वर्षं घालवलीत आणि त्यात एक सवय लागली, कुठलंही परमिट समोर आलं की आधी विचारायचं, हे कशाला बांधलंय? कामाला, दिवसांना, मालकाला, जोडीदाराला, की घराच्या किमतीला? ती गाठ सुटली की कागदही गेला, मग त्यावर तारीख काहीही छापलेली असू दे. पत्रं थोडी कापून दिली आहेत, राग मानू नका.

प्रश्न : ताई, मी पॅकेजिंगची मशीन बनवणाऱ्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर आहे. अमेरिकेतल्या कस्टमरकडे मशीन बसवायला ३ आठवडे जायचंय. एचआर म्हणतंय, तुझ्याकडे बी-वन बिझनेस व्हिसा आहे ना, मग झालं, काउंटरवर विचारलं तर मीटिंगला आलोय म्हणून सांग. चालेल का?

उत्तर : जाणं बहुतेक चालेल, पण "मीटिंगला आलोय" हे अजिबात चालणार नाही. आणि गंमत अशी आहे की खरं सांगितलं तर तुम्हाला आत सोडायची शक्यता चांगली आहे, खोटं सांगितलं तर मात्र परत पाठवतील आणि वर खोटं बोलल्याची नोंद आयुष्यभर चिकटेल ती वेगळीच.

बिझनेस व्हिसाला लोक छोटा वर्क व्हिसा समजतात, तसं नाहीये. तो "धंद्याच्या कामासाठी येणं" याला बांधलेला असतो, म्हणजे मीटिंग, वाटाघाटी, करारावर सही, कॉन्फरन्स, प्रदर्शन बघणं वगैरे. तिथल्या माणसानं केलं असतं तर त्याला पगार द्यावा लागला असता असं काम आलं की तो संपला. "फक्त ३ आठवडे" किंवा "पगार तर मला इथूनच मिळतो" या दोन्ही गोष्टी एकट्यानं तुम्हाला वाचवत नाहीत, हे मी इतक्या मॅनेजर लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की आता कंटाळा आलाय.

पण मशीनवाल्यांसाठी एक खिडकी मुद्दाम उघडी ठेवलीये. अमेरिकेच्या बी-वनमध्ये, तुमच्या कंपनीनं बाहेर बनवलेलं मशीन तिथल्या कस्टमरला विकलंय, विक्रीच्या करारातच बसवून देणं किंवा सर्व्हिस देणं लिहिलंय, तुम्हाला त्या मशीनची खास माहिती आहे आणि तुम्हाला अमेरिकेतून पगार मिळत नाही, असं सगळं जुळलं तर बसवायला, दुरुस्त करायला आणि तिथल्या लोकांना शिकवायला जाता येतं. बांधकाम मात्र नाही, म्हणजे मशीनखालचा पाया घालणं, बिल्डिंगची वायरिंग ओढणं हे स्वतः करायचं नाही, देखरेख चालते. ब्रिटनच्या व्हिजिटर नियमांतही परदेशी उत्पादकाच्या माणसासाठी अशीच सोय आहे, कॅनडातही विक्रीनंतरच्या सर्व्हिससाठी आहे. तेव्हा तुमचा खरा प्रश्न "व्हिसा आहे का" हा नाही, "विक्रीच्या करारात ती ओळ आहे का" हा आहे. नसेल तर सेल्सवाल्यांच्या मागे लागा, आणि निघताना कराराची प्रत, कंपनीचं पत्र, मशीनचा तपशील हे सगळं हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एका बॅटरी कारखान्याच्या साइटवर धाड पडली आणि ४७५ लोक ताब्यात घेतले, त्यात ३०० हून जास्त दक्षिण कोरियाचे होते आणि त्यातले बरेच जण छोट्या मुदतीच्या बिझनेस व्हिसावर किंवा व्हिसामाफीवर आलेले. त्यातल्या काहींचं काम नियमात बसत होतं की नाही यावर पुढे बराच वाद झाला, आणि नंतर अमेरिकेनं कोरियाला सांगितलं की बाहेरून आणलेली यंत्रं बसवायला बी-वन चालतो. पण ते स्पष्टीकरण येईपर्यंत लोक आठवडाभर कोठडीत होते ना. नियम तुमच्या बाजूनं असून उपयोग नाही, तो खिशात कागदावर पाहिजे. आणि एचआरला म्हणावं, "मीटिंग सांग" हे मला मेलवर लिहून द्या. बघा लगेच भाषा बदलते की नाही.

प्रश्न : मला १ वर्षाचा मल्टिपल एंट्री शेंगेन व्हिसा मिळालाय. म्हणजे मी वर्षभर कधीही, कितीही राहू शकतो ना? ऑफिसात दोन जण दोन गोष्टी सांगतात.

उत्तर : कधीही हो, कितीही नाही. शेंगेन म्हणजे युरोपातल्या २९ देशांचा मिळून एकच व्हिसा. स्टिकरवर दोन गोष्टी छापलेल्या असतात, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आणि किती दिवस. लोक पहिली वाचतात, दुसरी सोडून देतात. दिवसांच्या जागी ९० लिहिलं असेल तर कुठल्याही १८० दिवसांत ९०, आणि ३० लिहिलं असेल तर ३०, वाद घालून ते वाढत नाहीत.

आता हे १८० दिवस म्हणजे जानेवारी ते जून असं कॅलेंडर नाही. रोज सकाळी उठून मागे वळून बघायचं, आजचा धरून गेले १८० दिवस, त्यात मी आत किती दिवस होतो? उतरलात तो दिवस धरायचा, निघालात तोही धरायचा, विमान रात्री ११ ला उतरलं तरी तो अख्खा दिवस गेला.

समजा तुम्ही १० जानेवारी ते २८ फेब्रुवारी २०२६ आत होता, झाले ५० दिवस. मग १ मेला परत गेलात, तर हातात ४० दिवस आहेत, म्हणजे ९ जूनला बाहेर पडलंच पाहिजे. कारण ९ जूनला मागे बघितलं तर जानेवारी फेब्रुवारी अजून खिडकीत आहेत. ते १० जानेवारीवाले दिवस खिडकीतून बाहेर पडायला लागतात ९ जुलैपासून, रोज एक पडतो, त्यामुळे ९ जुलैला गेलात तर सलग ५० दिवस, २७ ऑगस्टपर्यंत राहता येतं. ऑफिसातले ते दोघंही बहुतेक महिने मोजत असणार, इथे दिवसच मोजायचे. युरोपियन युनियनच्या साइटवर कॅल्क्युलेटर आहे तो वापरा पण एकदा हातानं मोजून बघा, म्हणजे कळतं काय चाललंय.

आणि हे सगळे २९ देश मिळून एकच खातं आहे, फ्रान्समधून इटलीत गेलात म्हणून मीटर शून्य होत नाही. आयर्लंड आणि सायप्रस युरोपियन युनियनमध्ये असले तरी शेंगेनमध्ये नाहीत, तिथले दिवस यात धरायचे नाहीत, अर्थात तिथे जायची परवानगी वेगळी बघावी लागते. पूर्वी शिक्का पुसट आला की लोक खूश व्हायचे, तेही आता गेलं, ऑक्टोबर २०२५ पासून एंट्री एक्झिट सिस्टिम टप्प्याटप्प्यानं सुरू झाली, बोटांचे ठसे आणि फोटो घेतात आणि दिवस मशीन मोजतं.

अमेरिकेत याच्या उलट घोळ होतो. तिथे व्हिसा १० वर्षांचा असू शकतो पण तो फक्त दारावर जाऊन उभं राहायला, आत किती दिवस राहायचं ते आय-९४ या नोंदीवरची तारीख ठरवते. उतरल्यावर ऑनलाइन जाऊन ती डाउनलोड करा, पहिल्याच दिवशी. चूक असेल तर तेव्हाच दुरुस्त करून घेणं सोपं असतं, सहा महिन्यांनी नाही.

प्रश्न : मी एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी घेतलीये, कार्डही आलं. आता युरोपात राहायला जाऊ शकते का? मी फ्रीलान्स डिझायनर आहे.

उत्तर : नाही हो. नावात रेसिडेन्सी आहे एवढंच. २०१४ मध्ये सुरू झालेली ती डिजिटल ओळख आहे, त्यावर एस्टोनियात ऑनलाइन कंपनी काढता येते, कागदांवर डिजिटल सही करता येते, पण राहायचा हक्क नाही, व्हिसा नाही, काहीच नाही. तुमच्यासारख्यांना लागतो तो वेगळा, रिमोट कामाचा. एस्टोनियानं तो २०२० मध्ये काढला, पोर्तुगालमध्ये त्याला डी-८ म्हणतात आणि तिथल्या किमान वेतनाच्या चौपट कमाई दाखवावी लागते, स्पेनचा आहे, जपानचा २०२४ पासून आहे पण तो ६ महिन्यांचा, वाढवून मिळत नाही आणि वर्षाला १ कोटी येन कमाई मागतो. हे सगळे तुमच्या बाहेरून येणाऱ्या कमाईला बांधलेले आहेत, त्यामुळे तिथल्या क्लायंटचं काम धरायच्या आधी त्या त्या देशाचा नियम वाचा, स्पेन थोडंसं चालवून घेतं, सगळे नाही.

टॅक्सचं विचारलं नाहीत पण सांगते, व्हिसा आणि टॅक्स ही दोन वेगळी खाती आहेत आणि त्यांची एकमेकांशी बोलचाल नसते. राहायची परवानगी आहे म्हणजे टॅक्स माफ असं नाही. बऱ्याच देशांत वर्षात १८३ दिवसांच्या आसपास राहिलात की टॅक्सवाले तुम्हाला आपलं समजायला लागतात, कुठे त्याच्या आधीसुद्धा. त्यासाठी सीए वेगळा, मी नाही.

प्रश्न : वय ३३, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची डिग्री, ६ वर्षं त्याच क्षेत्रात नोकरी, इंग्लिश सी-१, जर्मन नुकतं ए-१, म्हणजे भाषेची पहिली पायरी, झालंय. जर्मनीत ऑफर नाहीये. आधी तिथे जाऊन शोधू की इथूनच?

उत्तर : दोन्ही रस्ते आहेत, पण एक तुम्हाला शोधायला बांधलेला आणि दुसरा नोकरीला.

शोधायचा म्हणजे चान्सनकार्टं, संधीचं कार्ड, १ जून २०२४ पासून सुरू. त्यात ६ पॉइंट लागतात. तुमचे मोजते, गेल्या ७ वर्षांत ५ वर्षं शिक्षणाशी जुळणारा अनुभव म्हणून ३, वय ३५ च्या आत म्हणून २, इंग्लिश सी-१ चा १, झाले ६. तुमचं क्षेत्र माणसं कमी पडतात अशा कामांच्या, म्हणजे टंचाईच्या यादीत आहे त्याचा अजून १. म्हणजे बसताय तुम्ही. डिग्री मान्य आहे का ते आनाबिन नावाच्या डेटाबेसमध्ये बघायचं, कॉलेज आणि डिग्री दोन्ही तिथे सापडायला हवेत. नाही सापडले तर तिथल्या शिक्षण खात्याच्या संस्थेकडून तुलनेचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, त्याला वेळ लागतो म्हणून हे सगळ्यात आधी करा, बाकीचं नंतर. कार्ड १ वर्षापर्यंत, त्यावर आठवड्याला २० तास पार्टटाइम काम आणि २ आठवड्यांपर्यंत ट्रायल काम करता येतं. पोट भरायचे पैसे मात्र आधी दाखवायचे, २०२५ मध्ये महिन्याला १,०९१ युरो धरत होते, म्हणजे वर्षाचे १३ हजारांच्या वर अडकवून ठेवायचे.

दुसरा ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या लोकांचा नोकरीचा परमिट. त्याला ऑफर हवी आणि पगाराची रेघ ओलांडायला हवी, २०२६ साठी ती वर्षाला ५०,७०० युरो आहे आणि टंचाईच्या कामांना ४५,९३४ च्या आसपास. तुम्ही दुसऱ्या रेघेत येता. याची खरी गोडी पुढे आहे, २७ महिन्यांत कायम वास्तव्याला अर्ज करता येतो आणि जर्मन बी-१ झालं असेल तर २१ महिन्यांतच. बाकी अटी असतातच, पण भाषेनं ६ महिने वाचतात हे कुठल्या कंपनीत होतं सांगा.

माझं मत विचाराल तर ४-५ महिने इथूनच जोर लावा. रिमोट इंटरव्ह्यू सर्रास होतात, आणि तुमच्याकडे टंचाईचं काम आहे. तिथे बचत खात बसून इंटरव्ह्यू देताना माणूस घाबरून पहिली मिळेल ती ऑफर घेतो, आणि ती ऑफर रेघेच्या २ हजार खाली निघाली की ब्लू कार्ड हातचं जातं, मग साधा कुशल कामगाराचा परमिट घेऊन लांबच्या रस्त्यानं चालायचं. ए-१ वर थांबू नका एवढं मात्र नक्की, ए-२ झालं तर अजून एक पॉइंट आणि बी-१ झालं तर दोन.

प्रश्न : दलाल म्हणतो, दुबईला व्हिजिट व्हिसावर चल, तिथे कामाला लाग, मग महिनाभरात वर्क परमिट करून देतो. पासपोर्ट कंपनी ठेवून घेईल म्हणाला, आणि परमिटचे पैसे माझ्याकडून मागतोय. भाऊ म्हणतो सगळे असंच जातात.

उत्तर : सगळे असंच जातात आणि त्यातले कितीतरी अडकतात, ते भाऊ सांगत नाही कारण अडकलेला माणूस फोन करून सांगत नाही, लाज वाटते.

दादा, तीनही गोष्टी चूक आहेत. परमिटशिवाय कामाला लावणाऱ्या मालकाला अमिरातीत २०२४ पासून १ लाख ते १० लाख दिरहम दंड आहे, म्हणजे त्यांच्या कायद्याला ही किती मोठी चूक वाटते बघा. २०२१ च्या कामगार कायद्यात भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला मनाई आहे, सरळ किंवा फिरवून पगारातून कापूनही नाही. आणि मालकानं कामगाराची कागदपत्रं अडकवून ठेवायची नाहीत हेही त्याच कायद्यात आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना सक्तीच्या मजुरीची ११ लक्षणं सांगते त्यात ओळखपत्रं काढून घेणं हे एक आहे, तेव्हा "तिथे पद्धतच आहे" हे कुणी बोललं तर ऐकायचं नाही.

व्हिजिट व्हिसावर जाऊन नोकरी शोधणं, इंटरव्ह्यू देणं ही गोष्ट वेगळी, आणि कामाला लागणं वेगळी. काम सुरू केलंत आणि पगार बुडाला तर तक्रार करायला तुमच्याकडे करारच नसणार. दलालाला एवढंच म्हणा, तिथल्या मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर आण, मला कळेल अशा भाषेत, पगार आणि काम लिहिलेलं, मग तिकिटाचं बोलू. आणला तर बघू. नाही आणला तर तुमचे पैसे वाचले.

प्रश्न : अमेरिकेत एच-वन-बी या वर्क व्हिसावर आहे, काल ले-ऑफ झालं. २ महिन्यांचा सेव्हरन्स, म्हणजे काढताना द्यायचे पैसे, देणार आहेत. म्हणजे ६० दिवस त्यानंतर सुरू होणार का? घरी अजून सांगितलं नाही.

उत्तर : आधी घरी सांगा. हे मी व्हिसाचं म्हणूनच सांगतेय, कारण पुढे ज्या पर्यायांवर निर्णय घ्यायचे त्या सगळ्यांत घरातलेही बांधलेले आहेत.

नोकरी गेल्यावर तिथे राहायला मिळणारी ६० दिवसांची मुदत सेव्हरन्सनं वाढत नाही. ती नोकरी संपली त्या तारखेपासून, आणि आय-९४ त्याच्या आधी संपत असेल तर तेवढेच. म्हणून आज एचआरकडून लेखी घ्या, शेवटची तारीख कुठली. कंपनी तुम्हाला काही आठवडे कर्मचारी म्हणून पगारावर ठेवून काम देत नसेल तर ती गोष्ट सेव्हरन्सपेक्षा वेगळी, ते मागून बघायला काहीच हरकत नाही, मी लोकांना असं मिळालेलं पाहिलंय. या ६० दिवसांत नव्या मालकानं तुमचा अर्ज दाखल केला की तिथे कामाला लागता येतं, मंजुरीची वाट बघावी लागत नाही, आणि एच-वन-बीसाठी नावं काढायची लॉटरी परत नाही कारण तुम्ही एकदा त्यातून गेलाय. नाही जमलं तर मुदतीच्या आत जोडीदाराच्या स्टेटसवर किंवा व्हिजिटरवर बदलायचा अर्ज टाकता येतो, पण व्हिजिटरवर काम नाही. ग्रीन कार्डची आय-१४०, म्हणजे मालकानं तुमच्यासाठी केलेला अर्ज, मंजूर असेल तर त्याची प्रत आणि प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, सांभाळून ठेवा, रांगेतली जागा सहसा पुढच्या अर्जात कामाला येते. आणि एक बारीक गोष्ट जी कुणी सांगत नाही, मुदतीआधी मालकानं काढलं तर परत जायच्या प्रवासाचा वाजवी खर्च त्यानं द्यायचा असतो, तुमचा, कुटुंबाचा नाही.

हे ६० दिवस कमी वाटतात ते कमीच आहेत. ऑस्ट्रेलियात स्पॉन्सर सुटला तर २०२४ पासून एका वेळी १८० दिवस मिळतात. युरोपियन ब्लू कार्डवर ३ महिने, आणि कार्डावर २ वर्षं झाली असतील तर ६. देश निवडताना लोक पगार बघतात, हा आकडा कुणी बघत नाही.

प्रश्न : नवऱ्याला परदेशी ऑफर आलीये, सिंगापूर किंवा लंडन. मी पण नोकरी करते. मला तिथे काम करता येईल का?

उत्तर : लंडनला हो, सिंगापूरला आपोआप नाही. ब्रिटनच्या स्किल्ड वर्करच्या जोडीदाराला जवळजवळ कुठलीही नोकरी करता येते. सिंगापूरमध्ये मे २०२१ पासून डिपेंडंट पासवाल्यांना, म्हणजे नोकरदाराच्या जोडीदारासारख्यांना, नोकरीसाठी स्वतःचा वर्क पास काढावा लागतो, म्हणजे तुमची पात्रता, तुमचा पगार, तुमचा मालक, सगळं नव्यानं. आणि डिपेंडंट पास मिळायलाच नवऱ्याचा पगार महिन्याला ६,००० सिंगापूर डॉलर हवा.

इतर वाचक हेच विचारतात म्हणून जाता जाता, जर्मनीत ब्लू कार्डच्या जोडीदाराला मोकळीक आहे, जपानमध्ये डिपेंडंटला परवानगी काढून आठवड्याला २८ तास, अमेरिकेत एल-वनच्या, म्हणजे कंपनीतल्या बदलीवर आलेल्याच्या, जोडीदाराला काम करता येतं पण एच-वन-बीच्या जोडीदाराला बहुतेक वेळा ग्रीन कार्डची आय-१४० मंजूर झाल्यावरच. तुमच्या पत्रात एक वाक्य होतं, "तो म्हणतो नंतर बघू". नंतर नाही, ऑफरवर सही करायच्या आधी. सिंगापूरच ठरलं तर तुमच्यासाठी नोकरी शोधायला मदत करा हे त्याच्या कंपनीकडे आत्ताच मागता येतं, मोठ्या कंपन्या देतात, मागणाऱ्याला.

प्रश्न : फ्लॅट घेतला की युरोपात रेसिडेन्सी मिळते म्हणे. कुठे घेऊ?

उत्तर : ज्याने सांगितलं त्याच्याकडचं ब्रोशर जुनं आहे. पोर्तुगालनं ऑक्टोबर २०२३ मध्ये घरखरेदीचा रस्ता काढून टाकला, स्पेननं एप्रिल २०२५ मध्ये गुंतवणुकीवर मिळणारा गोल्डन व्हिसाच बंद केला, ब्रिटननं गुंतवणूकदारांचा २०२२ मध्येच. काही देशांत अजून आहे, ग्रीसमध्ये आहे पण रक्कम वाढवलीये. युरोपचा हट्ट नसेल तर अमिरातीत २० लाख दिरहमच्या मालमत्तेवर १० वर्षांचा मिळतो. फ्लॅट आवडला असेल तर घ्या, नुसत्या व्हिसासाठी घेणार असाल तर लक्षात घ्या, फ्लॅट विकलात की तोही जातो.